मदत हवी आहे: ब्लूटूथ हेडफोन जोडला की लॅपटॉपचं वायफाय अडखळतं

लॅपटॉप विंडोज ११ चा. राउटरलाच पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजून) पाहिलं: एरवी ३-४ मिलिसेकंद, हेडफोन जोडला की थेट ३००-४००, मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तरच नाही. मीटिंगमध्ये माझं अर्धं वाक्य गायब. त्याच जागी मोबाइल सुसाट, म्हणजे लाइनचा दोष नसावा. ड्रायव्हर अपडेट केला, पॉवर सेव्हिंग बंद केलं, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर (ब्लूटूथही याच बँडवर चालतं) चॅनल १, ६, ११ तिन्ही पाहिले. ५ गिगाहर्ट्झवर हेडफोन लावूनही सुरळीत चालतं, पण राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती. माझ्या खोलीत जेमतेम एक कांडी येते. घर भाड्याचं, केबल ओढता येत नाही. (वायरचा हेडफोन घे, हे आईनं सांगून झालंय!) वायफाय-ब्लूटूथ एकाच कार्डावर आहेत. अँटेनावाला यूएसबी वायफाय अडॅप्टर घेतला तर दोन भिंतींपलीकडून ५ गिगाहर्ट्झ नीट पकडेल का, की आतलं कार्डच बदलू?