शेतावरून जाणारी 400 केव्ही वाहिनी : संमती, मोबदला आणि हरकत याबाबत सल्ला हवा

कोरडवाहू_सांगोला

नमस्कार. सांगोला तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. निम्म्या क्षेत्रात डाळिंब आहे, बांधावर साग आणि आंबा आहे. 400 केव्हीची (किलोव्होल्ट) पारेषण वाहिनी, म्हणजे उच्चदाबाची वीजवाहिनी, आमच्या गटातून जाणार असून एक मनोरा आमच्या हद्दीत येतो आणि तारा सुमारे 100 मीटर अंतर शेतावरून जातात. कंपनीच्या माणसांनी आखणी करून खुंट्या रोवल्या आणि एक छापील संमतीपत्र सहीसाठी ठेवून गेले. त्यात रकमेची जागा कोरी आहे. जमीन संपादित होत नाही, सात-बारा तुमच्याच नावावर राहतो, मग तारांखालच्या जागेचे वेगळे पैसे कशाचे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याच पट्ट्यात आम्ही पुढे घर बांधणार होतो. शेतावरच्या मोकळ्या जागेवर आमचा काही हक्क आहे की नाही, आणि आता कोणती पावले उचलावीत, याचे मार्गदर्शन करावे.

न्यायालयाची_पायरी

सर्वांत आधी, कोऱ्या रकमेच्या कागदावर सही करू नका.

विद्युत कायदा, 2003 च्या कलम 164 अन्वये शासन पारेषण कंपनीला 1885 च्या तार कायद्यातील अधिकार देऊ शकते. (तो कायदा 2023 च्या दूरसंचार कायद्याने रद्द झाला असला, तरी पारेषण वाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग चालू ठेवला आहे.) असे अधिकार मिळालेल्या कंपनीला मालकाची पूर्वसंमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सेंच्युरी टेक्स्टाइल्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून कंपनीकडे कलम 164 खालील आदेशाची प्रत लेखी मागा. आदेश नसेल, तर आपली बाजू एकदम बळकट होते. आदेश असेल, तर केवळ काम अडवून धरल्याने फार काही साधणार नाही, कारण तार कायद्याच्या कलम 16 खाली जिल्हादंडाधिकारी काम करू देण्याचा हुकूम देऊ शकतात. मार्ग थोडा सरकवण्याची विनंती मात्र मनोऱ्याचा पाया खोदण्याआधीच लेखी द्या.

त्याच कायद्याचे कलम 10 सांगते की कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो, नुकसान शक्य तितके कमी करायचे असते आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची असते. रक्कम अपुरी वाटल्यास कलम 16(3) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. खरी लढाई तिथे आहे, आणि ती कागदांवर जिंकली जाते. झाडे तोडण्यापूर्वी पंचनामा करून घ्या, प्रत्येक झाडाचे वय, घेर आणि उत्पन्न त्यात लिहवून घ्या, तारखेसह छायाचित्रे ठेवा आणि डाळिंब विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) सांभाळा. एकदा साग तुटला की त्याचा घेर कोणी मान्य करत नाही.

गुंठ्यांचा_हिशोब

लोक मनोऱ्याच्या पैशांवर घासाघीस करतात आणि तारांखालच्या पट्ट्याचा विषयच काढत नाहीत, हे पाहून फार वाईट वाटते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 14 जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील क्षेत्रासाठी जमीनमूल्याच्या 200 टक्के आणि तारांच्या पट्ट्यासाठी 30 टक्के भरपाई सांगितली आहे. पायाचे क्षेत्र म्हणजे चार पायांमधली जागा आणि प्रत्येक बाजूला आणखी एक मीटर.

400 केव्हीच्या पट्ट्याची रुंदी साधारण 46 मीटर धरतात. आपल्या शेतात 100 मीटर लांबी म्हणजे 4,600 चौरस मीटर, सुमारे साडेपंचेचाळीस गुंठे. त्याचे 30 टक्के म्हणजे साडेतेरा गुंठ्यांची किंमत. मनोऱ्याचे पाय 15 बाय 15 मीटरवर असतील असे धरले, तर पायाचे क्षेत्र पावणेतीन-तीन गुंठे भरते आणि दुप्पट दराने पावणेसहा गुंठ्यांची किंमत होते. म्हणजे ज्या जागेचे पैसे कशाचे असे आपल्याला विचारले, तिचीच भरपाई मनोऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे.

या सूचना राज्याने स्वीकारल्यावर लागू होतात, म्हणून सध्याचा शासन निर्णय आणि आपल्या गटाचा दर प्रांत कार्यालयातून लेखी घ्या. पिकांची आणि झाडांची भरपाई याशिवाय वेगळी मागा.

आभाळाचा_मालक

आपल्या मूळ प्रश्नाबद्दल. जमिनीच्या मालकाची मालकी थेट आकाशापर्यंत, ही जुनी समजूत आता न्यायालये मानत नाहीत. अमेरिकेत ग्रीन्सबोरोजवळच्या एका कोंबडीपालकाच्या जागेवरून लष्करी विमाने अवघ्या 83 फुटांवरून जात आणि कोंबड्या घाबरून भिंतींवर आदळून मरत. 1946 च्या कॉझबी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत नाकारली. पण जमिनीचा उपभोग घेण्यासाठी लागणारी वरची जागा मालकाचीच असते आणि इतक्या खालून सतत उड्डाणे करणे म्हणजे सरकारने मालमत्ता घेणे होय, असेही ठरवले.

तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. आपल्याला उपयोगी पडेल तो केरळचा लिविशा खटला. 2007 च्या त्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भरपाई ठरवताना जमीन कुठे आहे, तारा किती अंतरावरून जातात आणि त्या जमिनीच्या लहानशा तुकड्यावरून जातात की मधून, हे पाहिले पाहिजे. तारा आपले चार एकर मधोमध दुभंगत असतील, तर मोजणी नकाशावर मार्ग आखून तो अर्जाला जोडाच. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता हिरावून घेता येत नाही. म्हणूनच वर सांगितलेल्या आदेशाची प्रत इतकी महत्त्वाची आहे.

कोरडवाहू_सांगोला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सही केलेली नाही. आदेशाची प्रत मागणारे पत्र उद्याच नोंदणीकृत टपालाने पाठवतो. घराचे मात्र काय करावे?

न्यायालयाची_पायरी

तारांच्या पट्ट्यात बांधकाम करू देत नाहीत, त्यामुळे घराचा बेत हरकतीत आजच नोंदवा आणि त्या जागेचे नुकसान भरपाईत मागा. पुढेमागे बांधकाम करायचेच ठरले, तर तार कायद्याचे कलम 17 वाचून ठेवा. मालमत्तेचा वेगळा वापर करण्यासाठी वाहिनी त्याच जमिनीत सरकवण्याची किंवा उंच करण्याची मागणी त्याखाली करता येते. भरपाई घेतलेली असल्यास हलवण्याचा खर्च किंवा भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरावी लागते. कंपनीने नकार दिल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

आणखी एक. जमीन वडिलोपार्जित आहे, तेव्हा सात-बाऱ्यावर बहिणींची व चुलत्यांची नावे असतील, तर भरपाईच्या वाटपाचा लेखी समझोता आधीच करून घ्या. हिस्सेदारांत वाद निघाला की रक्कम अडकून पडते.