दाबून धरलं तर फक्त छोटी लिंकच दिसते

अनोळखी लिंक उघडण्याआधी तिच्यावर बोट दाबून धरलं की खरा पत्ता दिसतो, असं सांगितलं जातं. साध्या लिंकला ते बरोबर आहे, पण छोट्या लिंकला, म्हणजे बिटलीसारख्या कंपनीकडून लांब पत्ता आखूड करून घेतलेल्या लिंकला, ते लागू पडत नाही. तिथे दिसते ती छोटी लिंकच, कारण पुढचा पत्ता फोनमध्ये नसतो, लिंक छोटी करणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. म्हणून न उघडता लिंक कॉपी करा, ब्राउझरच्या पट्टीत पेस्ट करा आणि एंटर दाबायच्या आधी बदल करा: बिटलीच्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह, इज डॉट जीडीच्या शेवटी छोटी आडवी रेघ, टायनीयूआरएल असेल तर नावाच्या आधी 'प्रिव्ह्यू' आणि टिंब (हे मात्र इंग्रजीत). मग थेट उडी न मारता आधी पुढचा पत्ता दिसतो. तोही छोटीच लिंक निघाला तर सरळ सोडून द्या.

पत्ता दिसला की सुरुवातीचं 'https://' सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचं नाव उजवीकडून वाचा. तासगाव-मिरजेकडच्या शेतकरी ग्रुपांवर पीएम किसानच्या नावाने लिंक आली, तर नाव 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' इथेच संपायला हवं. त्यापुढे आणखी टिंब देऊन 'डॉट टॉप' वगैरे असेल तर ती साइट सरकारी नाही. व्हॉट्सॲपवर लिंकखाली दिसणाऱ्या चित्रावर आणि मथळ्यावर तर अजिबात जाऊ नका, ते साइटवालाच ठरवतो. आणि पत्त्याचा शेवट 'एपीके'ने होत असेल तर ते पानच नाही, ॲप आहे. चुकून उतरलंच, तर इन्स्टॉल न करता फाइल डिलीट करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.