एकाच लॅपटॉपवर जॉज आणि एनव्हीडीए दोन्ही बोलून राहिले, काय करू?

पऱ्हाटीवाला (दारव्ह्याकडचा)
नमस्कार मंडळी. मले अजिबात दिसत नाही, सेकंडहँड लॅपटॉप घेतला, ४ जीबी रॅम, विंडोज १०. एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून सांगणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर), मी आधीपासून वापरतो. मग तालुक्याले एका ठिकाणी कॉम्प्युटर शिकायले गेलो तर तिथल्या सरांनी जॉज नावाचं तसलंच दुसरं सॉफ्टवेअर टाकून देल्लं, लायसन्स नाही, ते ४० मिनिटंच चालणारं. आता लॅपटॉप सुरू केला का दोघं सोबतच सुरू होतात, पोळ्याच्या बाजारात दोन दलाल एकाच बैलाचा भाव सांगून राहिल्यासारखं.

आईच्या बचत गटाचा हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवतो. परवा एकानं सेलचा नंबर सांगितला, दुसऱ्यानं त्याच वेळी आकडा सांगितला आणि मी एका काकूचे २०० रुपये दुसरीच्या नावावर टाकून बसलो. मिटिंगमधी आईले बोलणं बसलं ना बाप्पा. आणि एनव्हीडीए बंद करायले इन्सर्ट-क्यू दाबलं तर बंद काही होत नाही, जॉज वरून सांगते की एक्सेलची सेटिंग लोड आहे म्हणून. काहून असं होऊन राहिलं?

संत्रा_मोर्शी
सोपं आहे भाऊ. दोघांची बी मेन बटन इन्सर्ट आहे म्हणून भांडण. एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमधी जा, इन्सर्टची टिक काढ, कॅप्सलॉकची लाव. मग इन्सर्ट जॉजचं, कॅप्सलॉक एनव्हीडीएचं. खरंच कॅप्सलॉक लावायचं असलं तर दोनदा पटपट दाबायचं.

पऱ्हाटीवाला
केलं भाऊ, अर्धं जमलं. बंद करता येते आता. पण वेबसाइटवर एच दाबलं का एक जण पुढच्या हेडिंगवर जाते आणि दुसरा जिथं होता तिथंच बसून रायते, मग बाण दाबला का कोण कुठलं वाचून राहिलं काही पत्ता लागत नाही. कंट्रोल दाबलं का दोघं गप्प, पुन्हा बाण दाबला का दोघं चालू.

जुना_मास्तर (परतवाडा)
बटन बदलून हे सुटत नसते. स्क्रीन रीडर काय करते, तुम्ही दाबलेली की प्रोग्रामकडे जायच्या आधी स्वतः अडवते. दोन चालू असले की दोघंही वाटेत उभे, पहिल्याच्या हाती लागली ती त्यानं गिळली, दुसऱ्याले कळलंच नाही. वेबसाइटवर उडी मारायच्या एच, टी, के ह्या अक्षरांना तर इन्सर्ट-कॅप्सलॉक काहीच लागत नाही, मग ती वाटून कशी देणार? बाण मात्र पुढे जाऊ देतात म्हणून एक्सेलमधी दोघंही बोलतात.

अजून एक भानगड आहे जी लवकर ध्यानात येत नाही. "स्क्रीन रीडर चालू आहे" अशी विंडोजमध्ये एकच खूण असते. दोनापैकी एक बंद झाला की जाता जाता ती पुसून जाऊ शकते, आणि ती खूण बघूनच वागणारे जे प्रोग्राम आहेत त्यांना वाटते की आता कोणीच नाही. मग उरलेला चांगला चालू असून बी मुका होते. असं झालं तर उरलेला पुन्हा सुरू करायचा आणि मग तो प्रोग्राम बंद करून उघडायचा. मी यापायी एकदा अख्खी विंडोज नव्यानं टाकून बसलो होतो, कायले ते सांगत नाही.

म्हणून एका वेळी एकच. एनव्हीडीएच्या जनरल सेटिंगमधी साइन-इननंतर सुरू होण्याची टिक राहू द्या. जॉजच्या ऑप्शन्स, बेसिक्समधी ऑटोमॅटिक स्टार्टअपचं बटन आहे, तिथून त्याचं आपोआप सुरू होणं बंद करा. डेस्कटॉपवरच्या जॉजच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमधी शॉर्टकट कीले कंट्रोल-ऑल्ट-जे देऊन टाका, एनव्हीडीएचं कंट्रोल-ऑल्ट-एन असतेच. जॉज बंद इन्सर्ट-एफ४ नं. अदलाबदली करताना दोन सेकंद शांतता होते, घाबरायचं नाही.

कापूस_वेचणी (आर्वी)
मास्तर बरोबर सांगून राहिले पण मी दोन्ही चालू ठेवते बरं का. एक्सेलमध्ये गेलं की एनव्हीडीएले झोपवते, कॅप्सलॉक-शिफ्ट-एस, एनव्हीडीएत कीबोर्डचा लॅपटॉप लेआउट निवडला असेल तर एसच्या जागी झेड. मग तेवढ्या प्रोग्राममध्ये ते गप्प आणि सगळ्या की जॉजले. एक्सेल बंद करून उघडलं की परत झोपवावं लागते, आणि ब्राउझरमध्ये जॉजची बडबड राहतेच, ते काही सुटलं नाही माझं.

पण तुले जॉज पाहिजेच कायले? एक्सेल एनव्हीडीएत बी चांगलं होते, फुकट आहे, २००६ पासून सुरू आहे. आणि जॉजचा तो एलोक्वेन्स आवाज, त्याले मराठी येतच नाही, देवनागरीची ओळ आली की गप. तुझ्या गटाच्या बायांची नावं मराठीतच असतील ना? एनव्हीडीएच्या ईस्पीक आवाजात मराठी आहे, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज आहे पण नाव तरी सांगते.

पऱ्हाटीवाला
हो ना, नावं मराठीत. म्हणजे जॉज नुसते आकडेच वाचत होतं, आता लक्षात आलं! जॉज काढत नाही, पुढं नोकरीच्या ठिकाणी तेच असलं तर हात बसलेला पाहिजे. पण ते ४० मिनिटं झाली की पूर्ण कॉम्प्युटर रिस्टार्ट केल्याशिवाय पुन्हा चालत नाही, म्हणून फक्त संध्याकाळी प्रॅक्टिसले ठेवतो, लाइन असली तर.

मास्तर, तुम्ही सांगितलं तसं केलं, आज सकाळपासून एकच माणूस बोलून राहिला. काकूचे २०० बी जागेवर टाकले.

पऱ्हाटीवाला
अरे राजेहो, आता तिसराच कोणी इंग्लिशमधी बोलून राहिला!! हे काय नवीन?

जुना_मास्तर (परतवाडा)
नॅरेटर आहे तो, विंडोजचा घरचा. विंडोज-कंट्रोल-एंटर दाबा, जाईल. घरात लहान पोरगं आहे का कोणी?

पऱ्हाटीवाला
भाचा आलाय सुट्टीत.