इराणमधली तरुण मंडळी लग्न का लांबवतात? जाणकारांनी तपशील द्यावेत

धागाकर्ती
इराणी 1389 साली (2010-11) तिथे सुमारे 8 लाख 90 हजार लग्नं नोंदली गेली. 1402 साली (2023-24) आकडा 5 लाखांच्या खाली आला. थोडी घट सरळ आहे: 1980 च्या दशकात जन्मलेली भलीमोठी पिढी लग्नाच्या वयातून पुढे सरकली, मागची पिढी संख्येनेच लहान. पण तेवढ्याने हिशोब जुळत नाही. ‘हल्लीच्या मुलांना जबाबदारी नको’ छापाची मतं कृपया नकोत. गाडी नेमकी कुठे अडते ते लिहा.

तोळामासा
मेहरियेपासून सुरुवात करतो, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायच्या ठरलेल्या देण्यापासून (मेहर). ‘बलेबोरान’च्या बैठकीत, म्हणजे आपल्याकडच्या याद्यांसारख्या, आकडा ठरतो, बहुधा बहार-ए-आझादी या सोन्याच्या नाण्यांत. एक नाणं 8.13 ग्रॅमचं. साधेपणा हवा असेल तर 14, कुराणातल्या अध्यायांएवढी 114, आणि हौस दांडगी असेल तर वधूच्या जन्मसालाएवढी. इराणी 1370 चा जन्म असेल तर अकरा किलो सोनं! सही करणाऱ्याकडे त्यातलं गुंजभरही नसतं. वडीलधारे समजूत घालतात, “की दादे, की गेरेफ्ते”, कोणी दिलंय आणि कोणी घेतलंय.

कायदा तसं म्हणत नाही. नागरी संहितेच्या कलम 1082 प्रमाणे अक्द (निकाहाचा करार) होताच नाणी बायकोच्या मालकीची. करारात ‘ऐपत असेल तेव्हा’ असं लिहिलं नसेल, तर ती दुसऱ्या दिवशीही मागू शकते. मागणी दाखल झाली की नवऱ्याला देशाबाहेर जायला बंदी येऊ शकते. मग तो नादारीचा अर्ज करतो, कोर्ट काही नाणी आधी आणि बाकीची हप्त्याने लावून देतं. 2013 च्या कुटुंब संरक्षण कायद्याने तुरुंगाची भीती 110 नाण्यांपर्यंतच ठेवली; त्यावरच्या नाण्यांसाठी नवऱ्याची ऐपत बघितली जाते. पण दहा ग्रॅमचा तोळा धरला तर 110 नाणी म्हणजेसुद्धा 89 तोळे.

खरी गोम अशी की सही करताना रक्कम ठरत नाही, वजन ठरतं. 2018 च्या सुरुवातीला नाणं साधारण 15 लाख तोमानला (तोमान हे तिथलं चलन) होतं, 2025 मध्ये 10 कोटींच्या पुढे गेलं. हप्ता नाण्यांत असल्यामुळे भावाबरोबर तोही चढतो. पगार काही त्या पटीत वाढत नाहीत.

काळी शाई
वरचं बरोबर आहे, पण ही अर्धीच बाजू झाली. मुलीकडचे नाणी का वाढवतात ते बघा. कलम 1133 प्रमाणे घटस्फोट नवऱ्याच्या हातात. बायकोला कोर्टात कारण सिद्ध करावं लागतं. राहायचं कुठे ते तो ठरवतो (1114), ‘कुटुंबाच्या हिताविरुद्ध’ म्हणून तिची नोकरी अडवू शकतो (1117), आणि विवाहितेच्या पासपोर्टला त्याची लेखी संमती लागते. 2015 मध्ये महिला फुटसाल संघाची कर्णधार नीलूफर अर्दलान आशियाई स्पर्धेला जाऊ शकली नाही ती नवऱ्याने संमती न दिल्यामुळे. मेहरिये हा तिच्या हातातला एकच हुकमी पत्ता. त्या पत्त्याला मुलगा घाबरतो, पत्ता सोडायला मुलगी घाबरते.

यावरचा उपाय म्हणजे अक्दच्या अटी: शिक्षण, नोकरी, राहण्याची जागा, परदेशप्रवास, मुलांचा ताबा, घटस्फोट. इथे हमखास होणारी चूक म्हणजे निकाहनाम्यातल्या छापील 12 बाबींखाली सह्या केल्या की झालं असं समजणं. त्या बाबी व्यसन, खर्च न देणं वगैरे सिद्ध झालं तरच कामाला येतात. नोटरीच्या दफ्तरखान्यात घटस्फोटाचा वेगळा वकालतनामा, म्हणजे नवऱ्याने आपला घटस्फोटाचा अधिकार बायकोला वापरू देणारा कागद, करावा लागतो. तो रद्द न होणारा हवा आणि त्यात पुढे वकील नेमण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, नाहीतर कोर्टात घोडं अडतं. शिकलेल्या मुली सरळ सौदा मांडतात: हे हक्क दे, नाणी 14 वर आणते. माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग हाच, पण पुष्कळ बोलणी इथेच फिसकटतात. अजून लग्न नाही आणि आतापासून घटस्फोटाची भाषा, हे मुलाच्या आईला झेपत नाही.

घरघर
घराचं गणित ऐका. तिथे ‘रहन’ म्हणजे मोठी अनामत, शिवाय मासिक भाडं. दलालांचा ठोकताळा असा: अनामत 10 लाख तोमानने कमी केली की भाडं 30 हजारांनी वाढतं. करार सहसा वर्षाचा, दरवर्षी दोन्ही आकडे वर. मग तेहरानऐवजी परंद, परदीस किंवा कराज ही आसपासची शहरं, आणि रोजची लांबलचक ये-जा.

सरकारी लग्नकर्ज 1403 साली (2024-25) माणशी 30 कोटी तोमान होतं, मुलगा 25 आणि मुलगी 23 च्या आत असेल तर 35 कोटी. सेवाशुल्क 4 टक्के, म्हणजे जवळपास बिनव्याजी. अडतं ते जामिनापाशी: बँकेला पक्क्या पगाराचा जामीनदार लागतो, तो सगळ्यांना कुठून मिळणार? आणि दोघांचे मिळून 60 कोटी म्हणजे 2025 च्या भावाने तोळामासांची सहा नाणीसुद्धा नाहीत. ते रहनमध्येच जिरतात.

चहाटळ
सरबाज़ी विसरू नका. दीड-दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा, तीही नाममात्र भत्त्यावर. शिक्षणासाठी पुढे ढकलली तर एमएस्सी होऊन, सेवा संपवून मुलगा नोकरी शोधायला लागतो तोवर 26-27 चा होतो. सेवा पूर्ण केल्याचं कार्ड नसेल तर मुलीचा बाप बोलणीच पुढे नेत नाही.

वाणसामान
जहीज़िये, म्हणजे संसाराचं सामान, मुलीकडून: फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅस, गालिचे, भांडीकुंडी. कोरियन मालाची आयात थांबल्यापासून तस्करीचा महाग फ्रिज की देशी, हा वाद घरोघरी. सामान लावताना ‘सियाहे’ म्हणजे यादी करतात, त्यावर नवरदेवाची आणि साक्षीदारांची सही घेतात. मॉडेल नंबर घालायचे राहिले की पुढे भांडणात यादी कुचकामी.

धागाकर्ती
आणि लग्नाशिवाय एकत्र राहणारे? त्यांचं कसं चालतं?

काळी शाई
त्याला ‘सफेद लग्न’ म्हणतात. भाडेकरार एकाच्याच नावावर करतात, कारण शेनासनामेत (ओळखपत्राच्या पुस्तिकेत) लग्नाची नोंद असते आणि घरमालक ती बघायला मागू शकतो. पकडले गेले तर दंडसंहितेच्या कलम 637 खाली 99 पर्यंत फटके. वारसाहक्क नाही, मूल झालं तर कागदपत्रांचे हाल. म्हणून काहीजण हाताशी सीगेचा, म्हणजे मुदतीच्या लग्नाचा कागद ठेवतात. त्यात मुदत आणि मेहर दोन्ही लिहावे लागतात. मेहर राहिला तर कलम 1095 प्रमाणे तो करारच बाद.