मदत हवी आहे: दुकानातल्या नोकरीपुरतं इंग्रजी कसं पक्कं करायचं?

नमस्कार मंडळी, माझ्या वहिनीला कॉलेज रोडच्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये काउंटरवर बसायचं काम मिळतंय, पुढच्या सोमवारी इंटरव्ह्यू आहे. शिक्षण मराठी मीडियमने बारावी, हिशोबात एकदम पक्की, साधं इंग्रजी वाचता येतं पण बोलताना शब्द अडतात.

आत्तापर्यंत युट्यूबवरचे व्हिडिओ बघितले, एक ॲपही लावलं, पण त्यात फळं, रंग, प्राणी असलंच जास्त आणि समजावतात हिंदीतून. मग मीच वहीत शब्द काढून दिले, डिस्काउंट, रिफंड, एक्सचेंज, कॅश, इन-हँड सॅलरी, नोटीस पिरियड वगैरे, रिसीटमधला पी बोलायचा नाही हे पण सांगितलं. एकेकटा शब्द तिला येतो हो, वाक्यात घोळ होतो. सगळ्यात जास्त लेंड आणि बॉरो, कारण आपण उसने देतो पण आणि घेतो पण, शब्द एकच. तसंच चेंज म्हणजे सुट्टे, पण गिऱ्हाईक कपडा बदलून मागतं तेव्हा पण ती चेंजच म्हणते. सॅलरी आणि वेजेसचं पण तेच.

क्लास नको, ती सातपूरला राहते, मुलं लहान आहेत, रात्री नऊनंतर तासभर मोकळी असते आणि मोबाईलवरच बघणार. ग्रामर आत्ता नकोच.

कोणी काउंटरवर काम केलंय का? गिऱ्हाईक रोज खरोखर विचारतं अशी दहा-पंधरा वाक्यं सांगाल का, आणि लेंड-बॉरो मराठीतून कसं समजावलं की डोक्यात बसेल?