माकडतापाला पेटंट किती वर्षांचं हवं?
पेटंट 20 ऐवजी 30 वर्षांचं केलं की दुर्लक्षित आजारांवरही औषधं निघतील, असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. मी सत्तरीतला. इथे काजूच्या मोसमात बोंडू वेचायला वाकलं की पाचोळ्यातल्या मोहरीएवढ्या गोचिडी पायांवर चढतात. आमच्या घरी आधी हातापायांना तेल चोपडतात, मगच टोपली उचलतात. या गोचिडींतूनच माणसाला माकडताप होतो. त्याचा विषाणू 1957 साली शिमोगा जिल्ह्यात सापडला; त्यावर नेमकं औषध आजही नाही. जुनी लस होती, तीही फारशी लागू पडेना म्हणून बंद झाली. गिऱ्हाईकच मूठभर आणि गरीब, तिथे मक्तेदारी 30 वर्षांची दिली काय नि 100 ची दिली काय!

अमेरिकेने 2007 मध्ये आणलेलं व्हाउचरही नीट बघा. दुर्लक्षित आजारावर औषध आणलं, तर कंपनीच्या दुसऱ्या औषधाची तपासणी लवकर होते, आणि ते व्हाउचर विकताही येतं. वाळूमाशीतून पसरणाऱ्या काला आजारावरच्या मिल्टेफोसिन या औषधासाठी 2014 मध्ये मिळालेलं व्हाउचर साडेबारा कोटी डॉलरला विकलं गेलं. औषधाला भारतात मात्र 2002 मध्येच मंजुरी मिळाली होती, म्हणजे बक्षीस जुन्याच औषधाला! त्यापेक्षा सरकारने संशोधनाचा खर्च उचलावा, खरेदीची हमी आधीच द्यावी. माकडतापाच्या नव्या लशीवर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) काम हाती घेतलंय, तिथे पैसा कमी पडू देऊ नये.