फाइल शेअरिंग एकाच दिशेने चालते: दोन राउटर असलेल्या घरात काय बदलावे?

नमस्कार. आमचे घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका गावात आहे. ओसरीवर विंडोज १० चा डेस्कटॉप असून तो फायबरच्या राउटरला केबलने जोडलेला आहे. मागे कोठ्याला लागून असलेल्या खोलीत माझी पत्नी विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बचत गटाचे हिशेब लिहिते. मधल्या मातीच्या भिंती दीड हात जाड असल्यामुळे ओसरीवरचे वायफाय तिथे पोचत नाही, म्हणून त्या खोलीत एक जुना राउटर बसवला आहे आणि पहिल्या राउटरपासून निघालेली केबल त्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेला, लावली आहे. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालते.

अडचण अशी आहे की लॅपटॉपवरून डेस्कटॉपचे शेअर केलेले फोल्डर उघडते, मात्र डेस्कटॉपवरून लॅपटॉपचे उघडत नाही. जे उघडते तेही नेटवर्कच्या यादीत दिसत नाही. दोन बॅकस्लॅश देऊन डेस्कटॉपचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.१०, लिहावा लागतो. बाबांनी स्कॅन करून ठेवलेले सातबारे, फेरफार आणि मोजणीचे नकाशे त्यामुळे मागच्या खोलीत पाहता येतात. प्रिंटर मात्र डेस्कटॉपला आहे आणि गटाचा मासिक हिशेब छापायला लॅपटॉपमधील फोल्डर तिथून उघडणे गरजेचे आहे. फाइलची प्रत डेस्कटॉपवर टाकली तर छपाई होते, परंतु मग एकाच हिशेबाच्या दोन प्रती तयार होतात आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या प्रतीत झाली याचा मेळ राहत नाही. गटातील महिलांच्या पैशांचा प्रश्न असल्याने मला ते अजिबात नको आहे.

तपासले तेव्हा लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०१ निघाला, म्हणजे तिसरा आकडा डेस्कटॉपच्या पत्त्यापेक्षा वेगळा आहे. लॅपटॉपवरून डेस्कटॉपला केलेल्या पिंगला (दुसरा संगणक पोचण्याजोगा आहे का हे पाहणाऱ्या चाचणीला) उत्तर येते, उलट दिशेने येत नाही. लॅपटॉप ओसरीवर आणून पहिल्या राउटरच्या वायफायला जोडला की दोन्ही संगणक एकमेकांना नावानिशी दिसतात. यावरून माझा अंदाज असा आहे की मागचा राउटर स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करतो आणि आतून बाहेर जाणारी जोडणी होऊ देतो, पण बाहेरून आत येणारी अडवतो.

काही परिचितांनी फायरवॉल बंद करण्याचा किंवा एसएमबी १ (विंडोजमधील फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला आहे. दोन्ही मला पटत नाहीत. मे २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १ मधल्याच त्रुटीतून पसरला होता, आणि विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असताना त्या डेस्कटॉपचे दार अधिक उघडे ठेवणे योग्य नाही. शिवाय ओसरीवर सारे नीट चालत असेल, तर दोष विंडोजच्या त्या सेटिंगमध्ये नसावा.

म्हणून मागच्या राउटरला केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळे नेटवर्क न बनवता पहिल्याच नेटवर्कचे वायफाय पुढे देण्यासाठी, वापरावे असा विचार आहे. त्यात तशी तयार सोय नाही. त्यामुळे आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, मग त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते देण्याचे काम) बंद करायचे आणि शेवटी केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टला, म्हणजे घरातील उपकरणांसाठीच्या खाचेला, लावायची, असा क्रम ठरवला आहे. पत्ता न बदलता डीएचसीपी बंद केले तर सेटिंगचे पान नंतर सहज सापडणार नाही, म्हणून पत्ता आधी. हा क्रम बरोबर आहे का? पहिला राउटर १.२ हा पत्ता दुसऱ्या कुणाला देऊ नये यासाठी त्याच्या डीएचसीपीची सुरुवात पुढून, समजा १.२० पासून, केली तर पुरेल का?

दुसरी शंका विजेची. भारनियमनानंतर राउटर पुन्हा सुरू झाला की डेस्कटॉपला कधी कधी वेगळाच पत्ता मिळतो आणि जोडून ठेवलेला ड्राइव्ह उघडत नाही. अशा ठिकाणी राउटरमध्ये पत्ता राखून ठेवावा, की विंडोजमध्येच तो कायमचा लिहावा? तसेच बदलानंतर लॅपटॉप या जोडणीला नवे नेटवर्क समजून ‘पब्लिक’मध्ये, म्हणजे अनोळखी नेटवर्कच्या गटात, टाकील, तर ते ‘प्रायव्हेट’ करण्यापलीकडे आणखी काही पाहावे लागेल का?

लॅपटॉप पिनने उघडतो आणि डेस्कटॉपवरून विचारला जाणारा पासवर्ड म्हणून तो पिन चालत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी लॅपटॉपवर पासवर्ड असलेले वेगळे स्थानिक खाते उघडून त्याला फक्त हिशेबाच्या फोल्डरचा अधिकार देणार आहे. ज्यांनी जुना राउटर अशा रीतीने वापरला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. दोन्ही संगणकांवरील आयपीकॉन्फिगची (नेटवर्कचे पत्ते दाखवणाऱ्या आज्ञेची) माहिती हवी असल्यास येथे देईन.